पट्टी उतरली, गाणे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वीडनच्या ‘ॲबा’ या पॉप गायक-संगीतकारांच्या चौकडीच्या पुनरागमनाविषयी अजूनही अधूनमधून वाचायला मिळते, आणि त्यात एक वाक्य हमखास असते: संगणकाच्या करामतीने त्यांचे तरुणपणीचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले आहेत. हे वाक्य चूक आहे, आणि साधी चूक नाही. सत्तरीच्या आसपासच्या दोन गायिकांनी स्वतःच्या गळ्याने जे काम केले, त्याचे श्रेय ते यंत्राच्या नावावर टाकते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यामुळे. लंडनमध्ये 27 मे 2022 रोजी ‘ॲबा व्हॉयेज’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्कमध्ये 3000 प्रेक्षकांचे सभागृह खास बांधले गेले. तिथे मंचावर दिसणाऱ्या तरुण आकृत्या डिजिटल आहेत. त्या करण्यासाठी चौघांनी पाच आठवडे सेन्सर लावलेले पोशाख घालून 160 कॅमेऱ्यांसमोर गाणी सादर केली आणि त्या हालचालींवर तरुण चेहरे चढवले गेले. तिथल्या जुन्या गाण्यांतले आवाज मूळ ध्वनिमुद्रणातले आहेत, आणि साथीला दहा वादकांचा जिवंत वाद्यवृंद आहे. म्हणजे तरुण केले ते चेहरे. ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ हे परतीचे संथ गाणे मात्र 2 सप्टेंबर 2021 रोजी, कार्यक्रमाच्या कितीतरी आधी आले. ते गटातले संगीतकार बेनी अँडरसन यांच्या स्टॉकहोममधल्या स्टुडिओत नेहमीच्या पद्धतीने, मायक्रोफोनसमोर उभे राहून गायलेले आहे. दोन नवी गाणी झाल्याचे गटाने 27 एप्रिल 2018 रोजीच जाहीर केले होते. त्या दिवशी आनी-फ्रिड लिंगस्टाड म्हणजे फ्रिडा 72 वर्षांच्या होत्या आणि अग्नेता फेल्टस्कोग 68 वर्षांच्या.

याचा पुरावा हे गाणे ज्या अल्बमवर आहे तिथेच आहे. 5 नोव्हेंबर 2021 रोजी आलेल्या ‘व्हॉयेज’वर दहा गाणी आहेत. पाचवे ‘जस्ट अ नोशन’ ऐकावे. त्यातले गायन 1978 सालचे आहे, वाद्यमेळ तेवढा नव्याने वाजवलेला. मग लगेच पहिले गाणे, म्हणजे ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’, लावावे. त्याच दोन गायिका, मधे चाळीस वर्षे. 1978 च्या आवाजांना तार सप्तकात काचेसारखी धार आहे. नव्या गाण्यात धार बोथट झाली आहे, पण खालच्या स्वरांत पूर्वी नव्हता इतका भरदारपणा आला आहे. आवाज तरुण करायचेच असते, तर हा फरक इतका उघडा कोणी ठेवला असता का?

आता मुद्द्याकडे येतो. पुन्हा एकत्र आलेल्या गटाचे संथ गाणे, ज्याला ते बॅलड म्हणतात, जमते किंवा फसते ते मुख्यतः पट्टीवर, म्हणजे ‘सा’ किती उंच धरला आहे यावर. आपल्याकडच्या बैठकीत वय झालेला गवई पट्टी एका स्वराने खाली घेतो, तबला त्या स्वराला लावला जातो आणि श्रोत्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही. पॉप संगीतात ही मोकळीक फारशी नाही, कारण लोकांच्या कानात मूळ रेकॉर्डची पट्टी पक्की बसलेली असते. त्यामुळे जुनी गाणी गाताना गट अडकतो आणि नव्या गाण्यात सुटतो. नवे गाणे आजच्या गळ्याच्या मापाने शिवता येते. परतीच्या वेळी नवी रचना का करायची, याचे आमच्या मते सर्वांत व्यावहारिक कारण हेच आहे.

बाईचा आवाज वयाने खाली सरकतो. पन्नाशीच्या सुमारास संप्रेरके बदलतात, स्वरतंतू किंचित जाड होतात, त्यांचा लवचीकपणा कमी होतो. आधी जातात ते वरचे दोन-तीन स्वर. पुरुषांचे बहुधा उलट होते: उतारवयात स्वरतंतू पातळ होतात आणि बोलण्याचा आवाज थोडा चढतो. त्यामुळे स्त्री-पुरुषांचा मिश्र गट तीस-चाळीस वर्षांनी एकत्र आला की जुन्या पट्टीतून सगळ्यांसाठी सरसकट दोन स्वर कमी करून भागत नाही. प्रत्येक गळा वेगळा तपासावा लागतो.

तपासायची रीत साधी आहे. वीस मिनिटे आवाज तापवून झाला की पेटीवर गाण्यातली सर्वांत अवघड ओळ घ्यावी आणि ती हळू आवाजात म्हणायला सांगावी. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हटले की जोर लावून कोणीही वर पोहोचतो आणि मग पट्टी चुकीची ठरते. अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर जात राहावे. हनुवटी उचलली जाऊ लागली, मान ताठरली किंवा स्वरात हवा मिसळू लागली, की तिथे थांबून पूर्ण एक स्वर खाली यावे. ते या गळ्याचे छत. मग तसेच खाली जात राहावे. ज्या स्वरावर शब्दातली अक्षरे पुसट ऐकू येऊ लागतात, त्याच्या वरचा स्वर म्हणजे जमीन. सर्वांत वरचा स्वर किती उंच आहे यापेक्षा त्या उंचीवर गाणे किती वेळ राहते, हे अधिक महत्त्वाचे. एका शब्दापुरता तार षड्ज बहात्तराव्या वर्षीही लागतो. त्याच्या आसपास चार ओळी मुक्काम करायला लावले, तर पंचेचाळिशीचा गळाही थकतो.

ॲबाच्या जुन्या गाण्यांत नेमका तो मुक्काम होता. दोघींना त्यांच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला गायला लावायचे, हा गटातले गीत-संगीतकार बेनी आणि ब्यॉर्न उल्वेउस यांचा हिशेबी निर्णय असे. त्या ताणातून ती चमक येत असे. नव्या गाण्यात ते घर त्यांनी सोडले. सुरुवात फ्रिडाच्या खालच्या स्वरांवर आहे. त्यांचा आवाज मुळातच मध्यम पल्ल्याचा, मेझो, आणि खालची बाजू वयाने सर्वांत कमी बिघडते. अग्नेतांचा आवाज त्याहून वरचा. तो भर घालायला पुढे येतो. दोघींपैकी आधी कोण, हा मानाचा प्रश्न म्हणून सोडवला असता, तर गाणे पहिल्याच कडव्यात पडले असते.

पट्टी खाली घेतली की काम संपत नाही, तिथून नव्या अडचणी सुरू होतात. समजा वरचा स्वर 440 हर्ट्झचा (सेकंदाला 440 कंपनांचा) होता आणि पट्टी तीन अर्धस्वर उतरवली. तो स्वर आला सुमारे 370 वर. गळा सुखावला, पण त्याच हिशेबाने कडव्यातले खालचे स्वरही आणखी खाली गेले आणि 200 ते 400 हर्ट्झच्या त्या गर्दीत शिरले, जिथे पियानोचा डावा हात, चेलो आणि गिटारच्या जाड तारा आधीच बसलेल्या असतात. शब्द गढूळ होतात. मग मिक्सिंग करणारा, म्हणजे सगळ्या मुद्रित आवाजांचा मेळ बसवणारा, गायनाचा आवाज वर उचलतो. आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. उपाय संयोजकाने, म्हणजे कोणते वाद्य कधी काय वाजवेल हे ठरवणाऱ्याने, वहीवरच करायचा असतो: कडव्यात पियानोचा डावा हात एक सप्तक वर घ्यावा किंवा नुसता एकेरी स्वर ठेवावा, चेलो दुसऱ्या कडव्यापर्यंत गप्प ठेवावा, गिटार असेलच तर वरच्या तीन तारांवर. दुसरा उपाय म्हणजे पूर्ण पट्टी न उतरवता चालीतला एखादाच चढ बदलणे. नव्या गाण्यात हे सोपे असते, कारण मूळ चाल कोणाला पाठ नसते.

यानंतर दमसास. संथ गाणे म्हाताऱ्या गळ्याला सोपे, हा समज उलटा आहे. मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत चार मात्रांचे एक आवर्तन सुमारे 3.3 सेकंदांचे. चार आवर्तनांची ओळ म्हणजे तेरा सेकंदांहून जास्त. लय 60 वर आणली की तीच ओळ सोळा सेकंदांची होते. तरुणपणी हे एका श्वासात जाते. सत्तरीत बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, फुप्फुसात हवा कमी मावते आणि आठ-नऊ सेकंदांनंतर स्वर खाली घसरू लागतो. ओळीच्या शेवटी उतरलेला सूर हा कानाचा दोष नसतो, संपलेल्या हवेचा असतो. म्हणून वयस्क गटासाठी ओळी दोन आवर्तनांच्या लिहायच्या, म्हणजे सहा-सात सेकंदांच्या, आणि त्यांच्यामध्ये वाद्यांना जागा द्यायची. ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’चे कडवे या कानाने ऐकावे. वाक्ये तोकडी आहेत, चार-सहा अक्षरांवर विसावा आहे. भावनेने थांबल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी श्वासाची सोयही झालेली असते. ब्यॉर्न यांनी शब्द लिहिताना दोन्ही साधले आहे.

आता ज्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहे तो भाग: दोन आवाजांची जाडी. ॲबाचा तो प्रसिद्ध ‘भिंतीसारखा’ नाद त्यांचे ध्वनिमुद्रक मिखाएल ट्रेटो यांनी 1973 च्या ‘रिंग रिंग’पासून घडवला. तेच वादन पुन्हा करून घ्यायचे, पण दुसऱ्या वेळी टेपची गती किंचित बदलायची. गती मूळ जागी आणली की दुसरा थर पहिल्यापासून केसभर वर किंवा खाली राहतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर त्यातले पाच-दहा भाग एवढाच फरक. बेसूर वाटत नाही, मात्र नाद दुप्पट रुंद होतो. गायनातही दोघींचे थरावर थर चढवत.

हीच युक्ती उतारवयात जशीच्या तशी चालत नाही, आणि कारण आहे स्वरकंप. तयार गळ्यातला कंप सेकंदाला पाच ते सात वेळा होतो. वयाने तो मंदावतो आणि रुंद होतो. मंद, रुंद कंपाचे दोन आवाज एकाच स्वरावर ठेवले की एक वर जात असताना दुसरा खाली येत असतो, आणि तो स्वर नेमका कोणता हे कानाला कळेनासे होते. चार थर चढवले तर भिंतीऐवजी चिखल. त्यामुळे थर कमी करायचे आणि जे ठेवायचे त्यात स्वर सरळ लावायचा. कंप असलाच तर लांब स्वराच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, तोही एकाच आवाजात. एकत्र गाताना शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘ट’, ‘क’ एकीनेच उच्चारायचे आणि दुसरीने ते अर्ध्यावर सोडायचे. हे छोटे वाटते, पण दोघींनीही म्हटले तर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन टिचक्या ऐकू येतात आणि सगळा एकजीवपणा तिथे फाटतो.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीही इथेच सांगायला हवे. ते आजच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत कुठे ना कुठे वापरले जाते आणि जपून वापरले तर त्यात गैर काही नाही. चूक होते ती दोन्ही थरांतला सुराचा फरक अगदी शून्यावर आणून ठेवण्यात. दोन आवाज तंतोतंत एका रेषेत आले की ते एकमेकांना खातात, जाडी नाहीशी होते आणि पोकळ, नळीतून आल्यासारखा एकच आवाज उरतो. श्रोता म्हणतो, ‘मशीन लावलंय.’ त्याचे म्हणणे बरोबर असते, फक्त दोष साधनाचा नसून ते चालवणाऱ्याचा असतो. दुरुस्त करायचे ते ओळीचे शेवट आणि फार तर सुरुवातीचा खाली लागलेला स्वर. मधली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), स्वरावर चढताना घेतलेला तो अर्धा क्षण, याला हात लावायचा नाही. त्या अर्ध्या क्षणानेच माणूस ओळखू येतो.

याच गाण्याची बांधणी एकदा शांतपणे ऐकण्यासारखी आहे. पाच मिनिटांहून थोडे जास्त लांब आहे ते. आज स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते, त्यामुळे बहुतेक निर्माते मुखडा आधी फेकतात. इथे पहिल्या कडव्यात जवळजवळ रिकामी जागा आहे. एकटी बाई स्वतःलाच विचारते, माझ्यात ते उरले आहे का? प्रश्न ‘मी’ने विचारला आहे. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. आणि मग मुखडा उघडतो तेव्हा उत्तर येते ते ‘आम्ही’ने: आहे, आमच्यात आहे. त्या एका सर्वनामाच्या बदलावर ढोल, तंतुवाद्ये आणि दुसरा आवाज असे सगळे मिळून आत येतात. वाद्यवृंदाचा आवाज वाढण्याचे कारण शब्दांतच आहे. 1980 आणि 1981 मध्ये दोन घटस्फोट झालेल्या चार माणसांनी ते ‘आम्ही’ म्हणायचे आणि त्यातल्या वेड्या चुकांचाही उल्लेख टाळायचा नाही, हे आम्हाला फार थोर वाटते. आणि ते थोर वाटते याचे अर्धे श्रेय संयोजनाला आहे: पहिल्या कडव्यातच तंतुवाद्ये भरली असती, तर मुखड्याला वाढायला जागाच उरली नसती.

मूळ चाल बेनी यांनी 2015 च्या एका स्वीडिश चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी केली होती. वाद्यांसाठी केलेली चाल गळ्याला देताना ती बहुधा लांबच लांब निघते. इथे ती श्वासापुरती कापली गेली आहे, म्हणून हा उल्लेख.

हे सगळे मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणे बाहेर जाण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, एका मिनिटात वाया जाऊ शकते. कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणे, जास्त दाबले की शांत कडवे मुखड्याइतकेच मोठे होते आणि मुखडा आला तरी काही घडत नाही. वर स्ट्रीमिंगच्या ॲप गाण्यांची पातळी आपोआप एकसारखी करतात. स्पॉटिफायवर ती साधारण उणे 14 लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप). म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा खाली खेचले जाते. मोठेपणा मिळत नाही, उतारचढाव तेवढा जातो. बॅलडच्या कडव्यात आणि मुखड्यात सहा ते आठ डेसिबलचा फरक निर्धास्त ठेवावा.

इतर गटांकडे पाहिले तर हाच मुद्दा वेगळ्या बाजूंनी दिसतो. ब्रिटनचा ‘टेक दॅट’ 1996 मध्ये फुटला आणि 2006 मध्ये रॉबी विल्यम्सशिवाय परतला तो ‘पेशन्स’ या संथ गाण्याने. ते ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि 2007 चा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कारही त्याला मिळाला. तिथे वयाचा प्रश्न नव्हता, सगळे पस्तिशीच्या आसपासचे. अडचण वाटणीची होती. नव्वदच्या दशकात बहुतेक गाणी गटातल्या एकट्या गॅरी बार्लोच्या नावावर असत, म्हणजे रॉयल्टीही. ‘पेशन्स’वर गीतकार-संगीतकार म्हणून चौघांची आणि निर्माते जॉन शँक्स यांची नावे आहेत. एकत्र येणाऱ्या कोणत्याही गटाने पहिल्या तालमीआधी कागदावर लिहून घ्यायची गोष्ट असेल तर ही: लेखनाचा वाटा कोणाचा किती. पट्टीवरून झालेले भांडण दुपारपर्यंत मिटते, वाट्यावरून झालेले मिटत नाही.

‘स्पाइस गर्ल्स’ 2007 मध्ये पाचही जणींसह परतल्या. त्यांचे ‘हेडलाइन्स’ ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले, आणि आधीच्या दहापैकी नऊ सिंगल अव्वल राहिलेल्या गटासाठी हे फारच खाली. आमच्या कानाला त्यातली अडचण सरळ दिसते: पाच आवाजांना एक-एक, दोन-दोन ओळी वाटून दिल्या आहेत. वेगवान गाण्यात अशी वाटणी मजा आणते. संथ गाण्यात श्रोत्याला एका आवाजाजवळ बसायला निदान एक कडवे लागते. तो बसतो न बसतो तोच दुसरा आवाज येतो. ॲबाने दोनच आवाज असताना एकीला पूर्ण कडवे दिले, हे यापुढे ठेवून पाहावे.

संगणकाचे काम खरोखर ज्या गाण्यात आहे ते बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’. जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरी कॅसेटवर गायलेले, आवाज आणि पियानो एकाच ट्रॅकवर मिसळलेले. 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न करून ते सोडून दिले, कारण आवाज वर उचलला की पियानो आणि कॅसेटची घरघरही वर येई. पुढे यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या प्रणालीने आवाज वेगळा काढता आला आणि 2 नोव्हेंबर 2023 रोजी गाणे आले. तिथेही आवाज तयार केलेला नाही, फक्त सोडवलेला आहे. बातमी लिहिताना ‘आवाज निर्माण केला’, ‘आवाज वेगळा काढला’ आणि ‘आवाज नव्याने गायला’ ही तीन वाक्ये तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

या साऱ्याचा आपल्या वाचकांशी संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. शाळा-महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, परदेशातली महाराष्ट्र मंडळे, जुने वाद्यवृंद पंचवीस-तीस वर्षांनी एकत्र येऊन समूहगीत बसवतात. तिथे नेहमी होणारा घोटाळा असा: इंटरनेटवरून मूळ पट्टीतला कराओके ट्रॅक घ्यायचा आणि त्यावर गायचे. मुखडा निभतो. अंतरा तार सप्तकात गेला की निम्मे लोक गप्प होतात, उरलेल्यांचे आवाज चिरकतात, आणि कोणीतरी खालच्या सप्तकात उतरते. मोबाइलवरच्या ॲपने ट्रॅक खाली करता येतो, पण दोन अर्धस्वरांपर्यंतच. तीन-चार उतरवले की तबला थप्प वाजू लागतो आणि झांजेला पाणी सुटल्यासारखे होते. त्यापेक्षा एक पेटी, एक तबला आणि पट्टी स्वतःची. मूळ काळी चार असेल तर बायकांसाठी काळी दोन किंवा काळी एक लावून पाहावी. पुरुषांना ती सोयीची होईलच असे नाही. नसेल तर अंतरा सगळ्यांनी मिळून गाण्याचा हट्ट सोडावा आणि ज्याच्या गळ्यात तो बसतो त्यालाच द्यावा. बाकीच्यांनी मुखड्यात यावे.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर सकाळी लवकरची वेळ नको, गळा जागा व्हायला दोन-तीन तास लागतात. रात्रीची नको, दिवसभर बोलून तो थकलेला असतो. अकरा ते एक बरे. पाणी तालमीच्या तासभर आधीपासून थोडे-थोडे प्यावे. गाताना प्यायलेला घोट स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, तो अन्ननलिकेत जातो. एसीचा झोत गाणाऱ्याच्या तोंडावर नको. मायक्रोफोनपासून कडव्यासाठी एक वीत अंतर, मुखड्यात दीड वीत. सलग पाऊण तासाच्या पुढे गाऊ नये. एका ओळीचे चार-पाच टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) पुरतात. सहाव्यापासून सूर सुधारतो पण अर्थ निघून जातो, आणि अंतिम जोडणीत बहुतेक दुसरा किंवा तिसरा टेकच निवडला जातो.

आपल्याकडे एकच मागणी आहे. ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ला 2022 च्या ग्रॅमीमध्ये ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चे नामांकन मिळाले, ॲबाला मिळालेले ते पहिलेच ग्रॅमी नामांकन. तो विभाग गायकांबरोबरच निर्माता, ध्वनिमुद्रक आणि मिक्सिंग करणाऱ्याच्या कामाचाही असतो. आपल्या पुरवणीत अल्बमचे परीक्षण छापताना गायक आणि संगीतकारांच्या नावांखाली संयोजक, ध्वनिमुद्रक आणि मिक्सिंग करणारा यांची नावे एका ओळीत छापावीत, परदेशी अल्बम असो की मराठी. आणि गाणे जुन्या गटाचे असेल, तर मूळ गाण्यांच्या तुलनेत पट्टी किती उतरवली आहे तेही लिहावे. पेटी घेऊन बसले तर परीक्षकाला दोन मिनिटांत सांगता येईल.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि संगीत संयोजनाचे काम करणारे दोन वाचक, पुणे